पिपाला गोधडी पांघरली तेव्हा

जानेवारीतला रविवार, सकाळचे साडेसहा, आणि मी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एका पिपाला गोधडी गुंडाळत होते. नाशिकची थंडी ज्यांनी अनुभवलीये त्यांना सांगायला नको, त्या आठवड्यात तर रोज पेपरात निफाडचा पारा पहिल्या पानावर येत होता, आणि आमची नीळ नेमकी त्याच आठवड्यात लावलेली. दोन दिवस आधी पिपात नीळ, चुना आणि गूळ घालून ठेवलं होतं, दहा वाजता पंचवीसेक माणसं कापड रंगवायला यायची होती, आणि पाणी काही केल्या तयार होत नव्हतं. कच्छहून आलेले कारागीर आमच्याकडेच मुक्कामाला होते. त्यांनी झाकण काढलं, वास घेतला, काठीने हळूच एक फेरा दिला आणि म्हणाले, "ठंड में नील सो जाती है बेन, इसको कुछ ओढ़ाओ."

मी वर धावले, हाताला लागली ती गोधडी उचलली. आई मागून ओरडली, "अगं ती आजीच्या हातची आहे!" तोवर मी जिन्यात होते.

मग आम्ही पिपाभोवती गोधडी, त्यावर सुतळी, आणि शेजारच्या दोन फ्लॅटमधून आणलेल्या गरम पाण्याच्या बादल्यांमध्ये ते पीप उभं केलं. ऊन पार्किंगच्या तोंडाशी आलं तसं पीप उन्हात सरकवलं. नऊच्या सुमारास वर जांभळट-तांबूस चमक असलेली साय धरली आणि मधोमध निळा फेस जमला. त्या फेसाला ते फूल म्हणतात. "जाग गई," एवढंच म्हणाले ते, आणि चहा मागितला.

आमचा हा ग्रुप म्हणजे काही संस्था वगैरे नाही. आठ-दहा जणी, दोन पुरुष, महिन्यातून एक रविवार, कुणाच्या तरी पार्किंगमध्ये नाहीतर गच्चीवर. सुरुवात एका वाक्याने झाली. ऑफिसात डबा खाताना एक मैत्रीण म्हणाली की कापड म्हटलं की लोक जयपूरला जातात, कच्छला जातात, आपल्या नाशिकात येवला सोडलं तर आहे काय. मला ते लागलं, कारण मला उत्तर देता आलं नाही. द्राक्षं, रामकुंड, कुंभमेळा, चिवडा, हे सगळं आपण पाहुण्यांना सांगतो, पण जिल्ह्यात एकीकडे येवल्याचे हातमाग आणि दुसरीकडे मालेगावचे यंत्रमाग असताना कापड आपल्या गावाची ओळख म्हणून आपल्या तोंडात येतच नाही. मग ठरवलं की आपणच जरा शोधू, आणि एकटीने पुस्तकं वाचण्यापेक्षा चार माणसं जमवून हात घालून बघू.

निळीपासून सुरुवात केली कारण तो रंग सगळ्यात वेगळा वागतो. हळद घ्या, मंजिष्ठा घ्या, रंग पाण्यात उतरतो आणि कापड त्यात उकळवलं की चढतो, फार तर आधी हिरडा नाहीतर तुरटी लावायची. नीळ तशी नाहीच. ती पाण्यात विरघळतच नाही. निळीच्या झाडाच्या पानात निळा रंग नसतो, हिरवं साधं पान, मेथीच्या भाऊबंदांतलं वाटावं असं, आणि आहेही ते त्याच शेंगांच्या कुळातलं. पानं पाण्यात भिजत घातली, आंबली, मग ते पाणी तासन्‌तास घुसळलं, हवा लागली, की निळा गाळ तळाशी बसतो. तो गाळून, दाबून, वाळवून वड्या पाडतात. तमिळनाडू-आंध्रात अजूनही हे होतं. पण ही वडी कुटून पाण्यात टाकली तर नुसतं गढूळ पाणी मिळतं, कापडाला काही धरत नाही. म्हणून पिपात उलटा प्रवास करायचा. चुन्याने पाणी तीव्र करायचं आणि गुळाने, दक्षिणेत काही ठिकाणी टाकळ्याच्या बियांनी, पाण्यातला प्राणवायू संपवून निळीचं रूप बदलायचं. तसं झालं की निळा रंग नाहीसा होतो, पाणी पिवळट हिरवं दिसायला लागतं, आणि आता ती विरघळलेली नीळ धाग्यात शिरायला तयार असते. यासाठी ऊब लागते, म्हणून ती गोधडी.

आमचं प्रमाण साधं होतं, एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग गूळ. पण प्रमाण पाठ असून काही होत नाही हे त्या सकाळी कळलं, कारण ते कारागीर वजनकाट्याकडे बघतच नव्हते, ते वासाकडे बघत होते. वास कसा म्हणाल तर ओल्या मातीचा, थोडा गोठ्याचा, थोडा शिळ्या उसाच्या रसाचा. काही जणींनी नाकाला पदर लावला. मला आवडला.

आणि मग ते झालं ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. पहिला रुमाल एका दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा होता. तिने आदल्या रात्री हरभऱ्याचे दाणे घालून घालून गाठी मारल्या होत्या, आईने दोरा धरला होता. कापड आधी साध्या पाण्यात भिजवून पिळून घ्यायचं, म्हणजे रंग डाग न धरता सारखा बसतो, आणि मग बुडबुडा येऊ न देता हळूच पिपात सोडायचं, कारण बुडबुडा म्हणजे हवा आणि हवा आत गेली की नीळ परत झोपली. दोनेक मिनिटं. सगळे वाकून बघत होते, कुणी बोलत नव्हतं. कापड बाहेर आलं ते पोपटी. चक्क पोपटी, कैरीच्या सालीसारखं. मुलीचा चेहरा पडला, ती म्हणाली, "पण मला निळा हवा होता." कारागीर हसले आणि म्हणाले, "देखते रहो." कडेपासून सुरू झालं. आधी कडा गडद हिरव्या, मग मोरपंखी, मग तो हिरवा कापडाच्या मधोमध आक्रसत गेला, जसं पाऊस पडून गेल्यावर अंगणातली ओल आक्रसत जाते, आणि दोन-चार मिनिटांत सगळं निळं. हवेने केलं ते. पिपात होता तो रंगच नव्हता म्हणा ना, रंग पार्किंगमध्ये झाला, आमच्या समोर, कुणीही हात न लावता. त्या मुलीने नंतर तो रुमाल सहा वेळा बुडवला. गडद निळा हवा तर जास्त वेळ ठेवायचा नसतो, पुन्हा पुन्हा बुडवायचा आणि पुन्हा पुन्हा हवा खाऊ द्यायची, थरावर थर. नीळ धाग्याच्या पार आत जात नाही, थरांनी वर बसते, म्हणूनच तर जीन्स गुडघ्यावर आणि खिशाच्या कडेला पांढरी पडते.

मला रसायनशास्त्र शाळेत कधी आवडलं नाही, पण त्या सकाळी वाटलं की हे असं शिकवलं असतं तर.

जीन्सवरून आठवलं. डंगरी हा शब्द आपण इंग्रजीतून आलेला समजतो, लहान पोरांना घालतो ती पट्ट्यांची पँट, पण तो गेलाय मुंबईच्या डोंगरीतून. डोंगरीच्या किल्ल्याजवळ जाडंभरडं सुती कापड विकायचे, ते खलाशी न्यायचे, आणि नाव कापडाबरोबर गेलं. आणि इंडिगो म्हणजे तर सरळ 'हिंदचा', ग्रीक लोक त्याला तसंच म्हणायचे. इजिप्तमध्ये फुस्तातच्या उत्खननात निळीत रंगवलेल्या गुजराती छापील सुती कापडाचे तुकडे निघालेत, शेकडो वर्षांपूर्वीचे. म्हणजे हे कापड जहाजांतून इजिप्तपर्यंत जात होतं, आणि रंगवणाऱ्या हातांचं नाव कुठेच नाही.

या निळीचं दुःखही सांगायला हवं, आणि मी ते त्या दिवशी मुलांना सांगितलं, कुणी म्हणालं कशाला रविवारच्या सकाळी, पण मला ते टाळणं बरोबर वाटत नाही. बंगालात मळेवाल्यांनी शेतकऱ्यांवर आगाऊ पैशांचा फास टाकून नीळ लावायला लावली, १८५९ मध्ये शेतकरी उठले. बिहारमध्ये चंपारणला तीनकठिया होती, बिघ्यातल्या वीस कठ्ठ्यांपैकी तीनात नीळ लावायचीच. जर्मनीत बायर नावाच्या शास्त्रज्ञाने नीळ प्रयोगशाळेत बनवून दाखवली होती, १८९७ मध्ये ती कारखान्यातून बाजारात आली आणि आपल्याकडची नीळ बसली. बसली तरी शेतकऱ्याची सुटका नाही झाली, मळेवाले निळीतून मोकळं करायचे पण त्या बदल्यात जमिनीचा खंड वाढवून घ्यायचे. गांधीजी १९१७ मध्ये गेले ते या सगळ्यासाठी. पुस्तकात हे एका परिच्छेदात संपतं. हात कोपरापर्यंत निळे झालेले असताना ऐकलं की वेगळं ऐकू येतं, निदान मोठ्यांना तरी आलं, कारण नंतर बराच वेळ कुणी सेल्फी काढला नाही.

फेब्रुवारीत पेटी उघडायची ठरलं. म्हणजे प्रत्येकीने घरातलं एक जुनं कापड आणायचं आणि त्याच्याबद्दल माहीत असेल ते सांगायचं. मला वाटलं होतं सगळ्या पैठण्या आणतील. पैठण्या आल्याच, पण इरकली आली, खणाच्या चोळ्या आल्या, एकाने वडिलांचं धोतर आणलं, आणि मी आजीची चंद्रकळा नेली. काळी, लाल काठांची, संक्रांतीची. आजी ती वर्षातून एकदाच नेसायची, आणि मी लहानपणी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं की त्या काळ्याच्या आत काहीतरी खोल आहे असं वाटायचं. आता कळलं की जुने रंगारी पक्का काळा काढायला कापड आधी निळीत गडद बुडवायचे आणि मग त्यावर हिरड्याचा तुरटपणा आणि लोखंडाचं पाणी चढवायचे. काळ्याच्या पोटात निळा. आजीच्या लग्नापर्यंत बाजारात रासायनिक रंग येऊन जुने झाले होते, तिची चंद्रकळा त्यातलीच, पण डोळ्याला हवा होता तो काळा तोच जुना, निळीवरचा, म्हणून रंगवणाऱ्यांनी नव्या डब्यातूनही तोच काढला असं मला वाटतं.

तर त्या दिवशी एक काकू आल्या होत्या, आमच्यातल्या एकीच्या सासूबाई. त्यांनी काहीच आणलं नव्हतं. सगळ्यांचं ऐकून झालं आणि शेवटी त्या म्हणाल्या, "माझं माहेरचं आडनाव रंगारी." एवढंच. मग कुणीतरी विचारलं, काकू, घरात रंगाचं काम होतं का हो. तर म्हणाल्या, "आजोबांपर्यंत होतं. आम्ही राहायचो ती रंगारगल्ली. मला आठवतं ते एवढंच की आजोबांच्या नखांच्या कडा निळ्या असायच्या आणि आजी त्यांना ताटावर बसताना म्हणायची, हात धुवा, आणि ते म्हणायचे, धुतलेत." आणि मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांच्या सुनेच्याही, कारण लग्नाला अठरा वर्षं झाली आणि तिला हे माहीतच नव्हतं. घरी कुणी विचारलंच नव्हतं कधी.

मी त्यानंतर आडनावं ऐकायला लागले. रंगारी, भावसार. भावसारांचा पिढीजात धंदाच रंगाई-छपाईचा, आणि आपल्या नाशिक-खानदेशात शाळेच्या प्रत्येक वर्गात एखादा भावसार असतोच. निराळी म्हणून एक जात होती, खास निळीचं काम करणारी. निळीला मराठीत गुळी असाही शब्द होता. आता नीळ म्हटलं की आपल्याला पांढऱ्या कपड्यांची पुडी आठवते, धुण्याच्या शेवटच्या बादलीत टाकायची ती, आणि ती तर नीळ नव्हेच, ते अल्ट्रामरीन नावाचं वेगळंच रसायन. वस्तू गेली, शब्द दुसऱ्याच पुडीवर जाऊन बसला, आणि माणसं आडनावात राहिली.

मार्चमध्ये ऊन चढायच्या आत पांडवलेणी. तिथे आपण शाळेच्या सहलीत शंभरदा गेलेलो असतो, पायऱ्या चढायच्या, माकडं बघायची, खाली येऊन भेळ. दहा नंबरच्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्यात काय लिहिलंय तर त्याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, कायमचे ठेवले, आणि ठेवले कुठे, तर गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे. विणकरांच्या संघाला तिथे कोलिक निकाय असा शब्द आहे. गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूरजवळचं गोवर्धन, जिथून आपण दर रविवारी धरणावर जाताना जातो. दोन हजार एका श्रेणीकडे महिना शेकडा एक दराने, एक हजार दुसरीकडे महिना शेकडा पाऊण दराने. आणि दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी. मी तिथेच उभं राहून हिशेब केला. महिना एक टक्का म्हणजे वर्षाला बारा टक्के, दोन हजारांचे दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा दोनशे चाळीस. बरोब्बर जुळतं! मला त्या जुळण्याने का इतका आनंद झाला माहीत नाही, मी दोनदा मोठ्याने सांगितलं सगळ्यांना. म्हणजे राजाच्या घरचा माणूस पैसा ठेवायला विणकरांकडे जातो, कारण ते टिकणार, ते व्याज देणार, एवढी त्यांची पत. त्यांच्या मागावर काय विणलं गेलं त्यातलं एक सूत उरलेलं नाही, पण त्यांचा व्याजदर दगडात आहे. जिल्ह्यात कापडाचं आहे काय, या प्रश्नाचं उत्तर इतकी वर्षं आमच्या घरापासून आठ-नऊ किलोमीटरवर डोंगरात कोरलेलं होतं.

रंगाऱ्यांचं नाव मात्र त्या लेखात नाही. ते मला खटकत राहिलं.

येवल्याला गेलो तेव्हाही तेच. येवल्याबद्दल मी जास्त लिहीत नाही, पैठणीवर लिहिणारे भरपूर आहेत आणि लिहावंच, काठाला नि पदराला एकेका रंगाची वेगळी कांडी हाताने फिरवत मोर उठवतात ते बघताना बोलणं सुचत नाही. पण प्रत्येक घरात मला रेशीम कुठून येतं ते सांगितलं, बंगळुरूकडून, सोनेरी जर कुठून येते ते सांगितलं, सुरतेहून. रंग कोण करतं ते मी विचारलं तेव्हा एका आजोबांनी माग थांबवला आणि पोराला बरोबर पाठवलं. मागच्या गल्लीत पत्र्याची शेड, भट्टीवर मोठं पातेलं, वाफ, आणि बांबूवर रेशमाच्या लड्या लटकवून एक माणूस त्या फिरवत होता. बाजूला नमुन्याचा चिंधीएवढा तुकडा, तो भिंतीवर खिळ्याला. त्या तुकड्याशी नजरेने रंग जुळवायचा, बस. रंग अर्थात रासायनिक. नीलांबरी, पोफळी, राघू, शिरोदक, ही सगळी पैठणीच्या रंगांची जुनी नावं मी त्यांना म्हणून दाखवली तर म्हणाले, "ताई, आम्हाला गिऱ्हाईक मोबाईलवर फोटो पाठवतं." मग जरा थांबून म्हणाले, "पण पावसाळ्यात पाणी बदललं की तोच डबा वेगळा रंग देतो, ते फोटोत कुणाला दिसत नाही. ते आम्हालाच." हेच ते, त्या कच्छच्या भाईंचं वासाकडे बघणं आणि यांचं पाण्याकडे बघणं. त्यांना आनंद झाला होता कुणी शेडपर्यंत आलं म्हणून, चहा पिऊनच जा म्हणाले.

मला रासायनिक रंगाचा राग नाही. घरोघर चटकदार कापड पोचलं ते त्याने. राग कशाचा येतो तर आपण पैठणीला दहा-वीस-पन्नास हजार मोजताना विणलं कोणी ते विचारतो, अभिमानाने सांगतो, आणि रंगवलं कोणी हा प्रश्नच नसतो आपल्याकडे. आणि दुसरं, हल्ली वर्कशॉपं खूप होतात, छान छान फोटो येतात, दोन तासात एक रुमाल बुडवून घरी, पण कारागिराला प्रवासखर्च आणि जेवणावर बोलावतात, म्हणे तुमची जाहिरात होईल. आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं होतं की येणाऱ्याने वर्गणी द्यायची, कारागिराचे दिवसाचे पैसे आधी बाजूला काढायचे, तयारीचे दोन दिवसही त्यात धरायचे, मग उरलं तर चहा-पोहे. त्यामुळे माणसं कमी येतात. चालेल.

परवा दुसऱ्यांदा नीळ लावली, आता एप्रिल आहे, ऊन्ह असं की पिपाला पांघरुणाची गरज नाही, उलट सावलीत ठेवावं लागलं. रंगारी काकू आल्या. सगळ्यांना रबरी हातमोजे दिले तसे त्यांनाही दिले, त्यांनी ते घडी करून बाजूला ठेवले. सुनेने म्हटलं, "आई, चुना आहे त्यात, हात चरचरतील." त्या म्हणाल्या, "एकदाच." मनगटापर्यंत हात घालून त्यांनी कापड धरलं, आणि बाहेर काढल्यावर कापडाकडे नाही, हाताकडे बघत बसल्या, हिरव्याचा निळा होईपर्यंत. मग नळाखाली बराच वेळ धुतले. नखांच्या कडांना राहिलं ते राहिलं.

आणि ती गोधडी. जानेवारीत तिच्यावर दोन ठिकाणी शिंतोडे उडाले, एक तर चांगला पुरणपोळीएवढा डाग. आई महिनाभर माझ्याशी त्यावरून बोलत होती, म्हणजे न बोलता बोलत होती. त्या गोधडीत आजीच्या दोन नऊवाऱ्यांचे, आजोबांच्या सदऱ्याचे आणि माझ्या झबल्याचे तुकडे आहेत, कुठला कुठला ते आईला अजून बोटाने दाखवता येतं. परवा संध्याकाळी मी घरी आले तर ती खिडकीपाशी गोधडी मांडीवर घेऊन बसलेली, चष्मा नाकावर. म्हणाली, "तुझ्या त्या निळ्या कापडातलं एखादं फडकं उरलंय का गं? इथे विरलंय जरा."

मी पार्किंगमध्ये वाळत घातलेलं एक आणून दिलं, अजून थोडं ओलसर होतं.